ग्लँड पॅकिंगच्या रिंगा कापायची सोपी रीत

नवं पॅकिंग (गळती रोखायला पंपाच्या शाफ्टभोवती बसवायची दोरी) घालूनही पंपाच्या ग्लँडमधून, म्हणजे ते दाबून धरणाऱ्या भागातून, थोड्याच दिवसांत धार लागते. बऱ्याचदा कारण एवढंच, की रिंगा हवेत धरून अंदाजाने कापलेल्या असतात.

१. जुनी स्लीव्ह (शाफ्टवर चढवलेली नळी) किंवा त्याच मापाचा पाइप व्हाइसमध्ये धरा. स्लीव्हच्या झिजलेल्या भागावर माप घेऊ नका, रिंग आखूड पडते.
२. पॅकिंगची दोरी न ताणता शेजारी-शेजारी वेढे देत गुंडाळा आणि धारदार ब्लेडने सगळे वेढे एका रेषेत कापा. सगळ्या रिंगा एकाच मापाच्या निघतात.
३. जुनं पॅकिंग तळापर्यंत काढा. शेवटची कुजकी रिंग हमखास आत राहते, टॉर्च लावून बघाच.
४. एकेक रिंग दाबून बसवा, सांधे ९० अंशांनी फिरवत. लँटर्न रिंग (पॅकिंगच्या मधे पाणी पोचवणारी भोकांची कडी) पाण्याच्या भोकासमोर यायला हवी.
५. ग्लँडचे नट हाताने आवळून पंप चालू करा. मग दहा-पंधरा मिनिटांनी दोन्ही नट सारखेच, एकेक फ्लॅट (षटकोनी नटाची एक बाजू, म्हणजे एक-षष्ठांश फेरा) आवळा.

गळती पूर्ण बंद करू नका. मिनिटाला ४०-६० थेंब पडू द्या, नाहीतर पॅकिंग जळतं आणि स्लीव्हवर चरे पडतात.