पंधरा माणसं घेऊन समुद्रावर जायचं, तर आधी संडास मोजा

गेली बारा वर्षं ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीची जानेवारीतली सहल माझ्या गळ्यात आहे. नागाव, काशीद, मुरूड, दिवेआगर, हरिहरेश्वर, गुहागर, सगळीकडे माणसं नेली आणि मोजून परत आणली. त्यामुळे "आधी गाव ठरवा, मग हॉटेल बघा" असं कुणी शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. दोघांना ते ठीक आहे. पंधरा माणसांनी आधी घर शोधायचं, ते ज्या गावात मिळेल ते आपलं गाव.

माणसं पक्की करणं सोपं. ग्रुपवर "आम्ही येतोय" लिहिणाऱ्याला धरू नका, माणशी हजार रुपये पाठवणाऱ्यालाच धरा. गाडी सतरा सीटची सांगा, म्हणजे बॅगांसकट पंधरा नीट बसतात. पिकअप एकच: तीन हात नाका, पहाटे पाच. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला २०२० पासून रो-रो, म्हणजे गाडीसकट माणसं नेणारी बोट, सुरू आहे, तिने जा असंही कुणीतरी सुचवेल. ठाण्याहून आधी उलटं मुंबईत घुसायची हौस असेल तर जा. आम्ही पळस्पे, पेण, वडखळ असेच जातो.

आता राहण्याची जागा. इथे मी एकदा सपशेल आपटलो होतो. फोनवर मालक म्हणाले, "सात खोल्या आहेत दादा, निर्धास्त या." गेलो तर चार खोल्या त्यांच्याकडे आणि तीन वाडीच्या पलीकडे चुलतभावाकडे, मध्ये मिट्ट काळोख. त्यात या चार खोल्यांना मिळून संडास एकच, तोही परसात. सकाळी सात वाजता अकरा माणसं रांगेत. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचे दोनदा दात घासून झाले, तरी नंबर लागेना. मालक खोटं बोलले नव्हते. खोल्या सातच होत्या, मीच चुकीचं विचारलं होतं.

तेव्हापासून मी खोल्या विचारतच नाही. संडास किती, त्यातले खोलीला लागून किती, कमोड किती? चार-पाच माणसांमागे एक नसेल तर फोन ठेवायचा, घर कितीही देखणं असो. सगळ्या खोल्या एकाच छपराखाली आहेत का? गुडघेदुखीवाल्यांना तळमजला मिळेल का? लाइट गेली तर इन्व्हर्टरवर पंखे चालतात, पण पाण्याची मोटार बहुधा चालत नाही, म्हणून वरची टाकी केवढी तेही विचारा. दर माणशी की खोलीमागे? "एक्स्ट्रा गादी देऊ" याचा अर्थ कधीकधी एका खोलीत सहा जण असा निघतो. फोटो मागू नका, ते नेहमी छानच असतात. व्हिडिओ कॉल करून मालकांना फाटकापासून संडासापर्यंत चालायला सांगा. लाजू नका, चांगला मालक हसत हसत दाखवतो.

"समुद्र पाच मिनिटांवर" हे कुणाच्या पायांनी, तेही विचारायचं. दिवेआगर-नागावला घरं सुपारीच्या वाड्यांत असतात. मागच्या दाराने वाट थेट सुरूच्या बनात जात असेल तर उत्तम, डांबरी रस्त्याने वळसा असेल तर आजी-आजोबा दुसऱ्या दिवशी येत नाहीत.

जेवणाचं आधी बोला. बऱ्याच घरगुती ठिकाणी फक्त शाकाहारी मिळतं. मोदक झकास, पण मासे खायला बाहेर जावं लागतं आणि पंधरा माणसांची ऑर्डर खानावळीला आदल्या रात्रीच द्यावी लागते. ठरलेलं सगळं मेसेजवर लिहून घ्या, मगच ॲडव्हान्स पाठवा.

तारीख ठरवताना कॅलेंडरमधली तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची खडकातली वाट आणि अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जाणं, दोन्ही ओहोटीलाच. तरीही जाण्याआधी गावातल्या माणसाला विचारा आणि तो नको म्हणाला तर हुज्जत घालू नका. हरिहरेश्वरच्या खडकांवरून माणसं वाहून गेलेली आहेत.

परतताना रविवारी जेवून लगेच निघा. संध्याकाळी वडखळला अडकलात की पोरं रडायला लागतात. पेणला पापड घ्यायचे असतील तर गाडीतून दोघांनीच उतरायचं, सगळे उतरले की अर्धा तास गेला.