रिकर्व्ह धनुष्यासाठी बाण कसे निवडावेत

नवा तिरंदाज रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेले, धनुष्य ठरवण्यात बराच काळ घालवतो आणि बाण मात्र दुकानात जे उपलब्ध असतील ते उचलतो. वास्तविक, साधारण धनुष्यावर योग्य बाण चढवला तर नेम सुधारतो, परंतु महागड्या धनुष्यावर चुकीचा बाण चढवल्यास उत्तम प्रशिक्षकही फारसे काही करू शकत नाही. म्हणून खरेदीला निघण्यापूर्वी दोन मापे हाताशी असावीत.

पहिले माप ओढीच्या लांबीचे. दोन्ही हात आडवे पसरून बोटांच्या टोकांमधील अंतर इंचांत मोजावे आणि त्याला अडीचने भागावे. ६५ इंच आल्यास ओढ सुमारे २६ इंच धरता येते. हा केवळ अंदाज होय. हलक्या धनुष्यावर लांब बाण लावून तो हनुवटीखालच्या अँकरपर्यंत (दोरीचा हात टेकवण्याच्या ठरलेल्या जागेपर्यंत) ओढावा आणि राइझरच्या (धनुष्याच्या मधल्या, मुठीच्या भागाच्या) पुढच्या कडेशी दुसऱ्या व्यक्तीने बाणावर खूण करावी, ही पद्धत अधिक भरवशाची आहे. दुसरे माप बोटांवर प्रत्यक्ष येणाऱ्या वजनाचे. लिंबवर (राइझरच्या वर-खाली बसणाऱ्या लवचिक पट्टीवर) छापलेला पाउंडांचा आकडा २८ इंच ओढीसाठी असतो आणि प्रत्येक इंचामागे साधारण दोन पाउंडांचा फरक पडतो. त्यामुळे ३० पाउंडांच्या लिंबवर २६ इंच ओढणाऱ्याच्या बोटांवर सुमारे २६ पाउंडच येतात. क्लबमध्ये बो स्केल, म्हणजे हे वजन मोजणारा काटा, असेल तर त्यावरच मोजावे.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे स्पाइन. बाण २८ इंच अंतरावरील दोन टेकूंवर ठेवून त्याच्या मध्यभागी १.९४ पाउंड, म्हणजे सुमारे ८८० ग्रॅम, वजन टांगले असता तो जितका वाकतो, तितका त्याचा स्पाइन मानतात. अर्धा इंच वाकणारा बाण ५०० चा, एक इंच वाकणारा १००० चा. म्हणजेच आकडा जितका मोठा, तितका बाण लवचिक. बोटांतून सुटताना दोरी किंचित बाजूला सरकते आणि तिच्या जोरदार धक्क्याने बाण वाकतो. मग तो उलट-सुलट लवत राइझरला वळसा घालून निघून जातो. हे लवणे धनुष्याच्या ताकदीशी जुळले तरच बाणाची शेपटी राइझरला न घासता सुटते. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा फार ताठ बाण डावीकडे जातो, फार लवचिक बाण उजवीकडे. वरील उदाहरणातील २६ पाउंडांसाठी २७-२८ इंचांचा बाण ९०० ते १००० च्या आसपास शोधावा आणि अखेरचा आकडा त्या उत्पादकाच्या तक्त्यावरून पक्का करावा. वरिष्ठ खेळाडूचे जुने ४५० चे बाण फुकट मिळाले तरी नवशिक्याने ते घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

छापील स्पाइन बदलत नसला तरी बाणाचे प्रत्यक्ष वागणे लांबीने व टोकाच्या वजनाने बदलते. बाण कापला की तो ताठ वागतो, जड पॉइंट (पुढचे टोक) बसवला की मऊ. वाढत्या वयाच्या मुलांसाठी ओढीपेक्षा दोन इंच लांब बाण घ्यावा, कारण आखूड बाण ओढताना रेस्टवरून (बाण टेकवण्याच्या आधारावरून) मागे घसरला आणि तसाच सुटला तर तो धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकतो. या बाबतीत काटकसर नको.

साहित्याचा निर्णय त्यामानाने सोपा आहे. सुरुवातीला अॅल्युमिनियमचे बाण पुरेसे असतात. त्यांच्यावरील १६१६ सारख्या आकड्यातील पहिले दोन अंक जाडी चौसष्टांश इंचांत आणि शेवटचे दोन भिंतीची जाडी सहस्रांश इंचांत दाखवतात. कार्बनचे बाण हलके व बारीक असल्याने ७० मीटरवर वाऱ्याला कमी बळी पडतात. मात्र ते तडकतात, म्हणून प्रत्येक फेरीनंतर बाण कानाजवळ धरून हलकेच वाकवावा आणि कडकड ऐकू आल्यास तो कायमचा बाजूला काढावा. १८ मीटरच्या इनडोअर प्रकारात जाड बाण फायद्याचे ठरतात, कारण रेषेला स्पर्श झाला तरी वरचे गुण मिळतात. जाडीची कमाल मर्यादा ९.३ मिलिमीटर आहे. इंडियन राउंड या देशी स्पर्धाप्रकारात बांबूच्या धनुष्यासाठी बाण घेताना एकाच जुडग्यातील बाणांतही वजन आणि लवचिकता वेगवेगळी असते, त्यामुळे ते तोलून, वाकवून पाहून सारख्यास सारखे जुळवावेत.

२०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामी आणि नागपूरचे ओजस देवतळे यांनी कंपाऊंड (टोकांना चाके असलेल्या धनुष्याच्या) प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदके मिळवली, तेव्हा मुले थेट कंपाऊंडच मागू लागली तर नवल नाही. तेथे एक वेगळी दक्षता आवश्यक आहे: धनुष्याच्या प्रत्येक पाउंडामागे बाणाचे वजन किमान पाच ग्रेन असावे, म्हणजे ४० पाउंडांना २०० ग्रेन, सुमारे १३ ग्रॅम. याहून हलका बाण सोडल्यास उरलेली ऊर्जा लिंबमध्येच राहते आणि धनुष्य मोडू शकते.

खरेदीनंतर नॉक (बाणाच्या मागच्या टोकाची, दोरीत बसणारी खाच) तपासावा: बाण दोरीला लटकवल्यावर टिकावा आणि दोरीला टिचकी मारताच सुटावा. मग १८ मीटरवरून पिसे असलेले तीन व पिसे नसलेले दोन बाण मारावेत. उजव्या हाताच्या तिरंदाजाचे बिनपिसांचे बाण डावीकडे गेले तर पॉइंट जड करावा, उजवीकडे गेले तर हलका.

मैदानी फेरीत एका वेळी सहा बाण मारावे लागतात, तेव्हा डझनभर घेणे सोयीचे. एका फेरीतील सर्व बाण दिसायला एकसारखे आणि प्रत्येकावर खेळाडूचे नाव किंवा आद्याक्षरे असावीत, असा नियम आहे. त्यासोबत क्रमांकही घालावा, म्हणजे एखादाच बाण वारंवार गटाबाहेर पडत असल्यास तो ओळखून स्पर्धेपूर्वी वगळता येतो.