एम्पररशी वाद घालताय? या चुका टाळा

'बाल्डर्स गेट ३' हा व्हिडिओ गेम ऑगस्ट २०२३मध्ये आला, तेव्हापासून त्यातल्या एम्परर या पात्रावरून भांडणं चालू आहेत: तो आपला की लबाड? माझ्या मते तो आपलाही आहे आणि लबाडही. ज्यांनी अजून तिसरा अंक गाठलेला नाही त्यांनी इथेच थांबावं, पुढे सगळं फोडलंय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे त्याला बोलण्यात हरवता येईल असं समजणं. ही मी स्वतः केली. बार्ड (गाणारं-बोलणारं पात्र) घेऊन खेळत होतो, चॅरिझ्मा म्हणजे बोलण्याची छाप २०, फाशाला मदत करणारा गायडन्सचा मंत्र तयार, फासा पुन्हा टाकू देणारी इन्स्पिरेशन चारच्या चार जपून ठेवलेली. शेवटी प्रिझम या जादुई वस्तूत कैद असलेल्या ओर्फियसला, गिथयांकी या लढवय्या जमातीच्या राजपुत्राला, सोडवायची वेळ आली तेव्हा म्हटलं, आता एम्पररला पटवतो: बाबा रे, तूही राहा, तोही राहू दे, तिघं मिळून लढू. पर्याय निवडला आणि फासा पडायची वाट बघत बसलो. फासा पडलाच नाही. ओर्फियस सुटला तर तो आपल्याला जिवंत सोडणार नाही, हे एम्पररच्या डोक्यात पक्कं आहे, त्यामुळे तो सरळ उठून शत्रूकडे, म्हणजे सगळ्यांवर हुकूम चालवणाऱ्या अजस्र मेंदूकडे, ब्रेनकडे, निघून गेला. इतका वेळ ज्याला 'मित्र' म्हणत होतो तो! त्या ठिकाणी पर्स्वेजनचा चेक, म्हणजे पटवण्यासाठीचा फासा, मुळात ठेवलेलाच नाही. तेव्हा तुमच्या बार्डला दोष देऊ नका.

मग त्याच्याशी बोलायचंच कशाला? तर त्याच्याकडून माहिती काढायला. त्यासाठी दुसरी चूक टाळायला हवी: नेहमी गोड बोलणं.

तिसऱ्या अंकात एका रात्री तो कॅम्पवर भेटायला येतो, जरा लाडात येऊन. तुम्ही समजूतदारपणे वागलात तर तो स्टेलमेनबद्दल हळवं होऊन सांगतो. बाल्डर्स गेटची ही ड्यूक, त्याची जुनी भागीदार. ऐकून वाटतं, काय सुंदर मैत्री होती. आता त्याआधी सेव्ह करा आणि तोच प्रसंग पुन्हा खेळा, पण या वेळी त्याला झिडकारा, तोडून बोला. मुखवटा गळतो. तो तुम्हाला तीच स्टेलमेन दाखवतो: स्वतःची इच्छा उरली नाही अशी, त्याच्या मेंदूच्या ताब्यातली बाहुली. आणि तुमचंही असं करू शकतो, हे सुचवून जातो. बाई तीच, गोष्ट तीच, तुमचा सूर बदलला म्हणून सांगणं बदललं. ज्यांनी पहिल्या खेळात फक्त गोड पर्याय निवडले त्यांना हे दृश्य दिसतच नाही, आणि तेच लोक 'एम्परर बिचारा' म्हणून वाद घालत असतात.

त्याची खरी युक्ती उघड खोटं बोलण्यात नाही, गोष्ट सोयीच्या वेळी सांगण्यात आहे. गेमच्या सुरुवातीलाच तुमच्याकडून एक 'गार्डियन' बनवून घेतात. आपण हौसेने नाक-डोळे-केस ठरवतो आणि तोच चेहरा लावून हा स्वप्नात येतो. माइंड फ्लेअर (मेंदू खाणारा राक्षस, हेच त्याचं खरं रूप) म्हणून आलो असतो तर विश्वास ठेवला असता का, असं नंतर विचारतो. उत्तर नाही असंच आहे, म्हणून तर राग येतो. तोच मूळचा बाल्डुरान, म्हणजे शहराला ज्याचं नाव आहे तो, हेही स्वतःहून सांगत नाही. वर्म्स रॉकखालच्या वर्मवेत जाऊन अन्सुर ड्रॅगनसमोर उभं राहिल्यावरच ते बाहेर येतं. त्यामुळे तो काय म्हणतो यापेक्षा आतापर्यंत काय बोलला नाही, ते बघत चला. एल्फसाँग टॅव्हर्नखालची त्याची जुनी लपायची जागा सावकाश चाळा. तिथे कुत्र्याचा पट्टा सापडतो. मला तो बघून त्याची दया आली, हेही कबूल करतो.

रागाच्या भरात होणारी चूकही सांगतो. तिसऱ्या अंकाच्या तोंडाशी प्रिझममध्ये त्याचं खरं रूप दिसतं, ओर्फियसचे गिथयांकी रक्षक त्याच्यावर तुटून पडलेले असतात, आणि आपल्याला वाटतं, बरं झालं, मरू दे. पण ब्रेनच्या हुकमापासून तुम्हाला वाचवणारा तोच आहे. तो गेला की तुम्हीही गेलात, गेम ओव्हर. पाण्यात राहून माशाशी वैर नको. साध्या खेळात जुना सेव्ह उघडता येतो. ऑनर मोडमध्ये सेव्ह एकच असतो, तिथे हा राग फार महाग पडतो.

तो जो खास टॅडपोल (मेंदूत शिरणारी माइंड फ्लेअरची अळी) देऊ करतो त्याचंही तसंच. तो घाई करतो, तुम्ही करू नका. नाही म्हणालात तर शिक्षा होत नाही, टॅडपोल पिशवीत राहतो, नंतर मन बदललं तर तेव्हा घ्या. घेतला तर चेहऱ्यावर काळ्या शिरा कायमच्या, बदल्यात उडता येतं.

आणि हॅमर. अनेक जण तात्त्विक वाद घालत बसतात आणि ऑर्फिक हॅमर आणायचाच विसरतात. तो नसेल तर ओर्फियसच्या साखळ्या तुटत नाहीत, मग तुमचा मुद्दा कितीही बरोबर असो. रफाएल या सैतानाच्या करारावर सही करून मिळतो, पण त्यात ब्रेनला ताब्यात ठेवणारा कार्ससचा मुकुट त्याला द्यायचं वचन आहे. त्यापेक्षा डेव्हिल्स फी दुकानातून विधी करून त्याच्या हाउस ऑफ होप या घरात शिरा आणि चोरा. परतताना रफाएलशी जबर लढाई होते, पण ती या गेममधली माझी सगळ्यात आवडती लढाई आहे. हे सगळं मॉर्फिक पूलमध्ये ब्रेनसमोर जाण्याआधी उरका, नंतर शहरात परतता येत नाही.

एवढं करून ओर्फियसला सोडवलंत की तो पहिल्यांदा काय सांगतो? ब्रेनवर ताबा मिळवणारे नेदरस्टोन्स वापरायला माइंड फ्लेअरच लागेल, कोणीतरी व्हावं लागेल. एम्परर हेच तर सांगत होता. माझ्या खेळात तेव्हा माझी साथीदार कार्लाक पुढे आली.