पंधरा रुपयांत डिजिटल सातबारा: काढायचा कसा आणि वाचायचा कसा

पीककर्ज काढायचं असो की जमीन विकत घ्यायची असो, सातबारा लागतोच. त्यासाठी तालुक्याला खेटे घालायची गरज आता उरलेली नाही.

आधी जमिनीचा गट नंबर हाताशी ठेवा. माहीत नसेल तर महाभूलेखच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून नावावरून शोधा. तिथला सातबारा फुकट दिसतो, पण तो फक्त माहितीपुरता. बँकेत किंवा कचेरीत द्यायला डिजिटल सहीचाच हवा.

तो महाभूमीच्या ‘डिजिटल सातबारा’ या सरकारी संकेतस्थळावर मिळतो. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना, ते पाहूनच पुढे जा. मोबाइल नंबर टाका, आलेला ओटीपी भरा. ओटीपी कुणालाही सांगू नका. मग त्याच संकेतस्थळावरच्या तुमच्या खात्यात पैसे भरा. एका उताऱ्याला 15 रुपये लागतात, तेव्हा एकदम मोठी रक्कम टाकू नका. पैसे कापले गेले आणि शिल्लक दिसत नसेल, तर पुन्हा भरण्याआधी ‘पेमेंट स्टेटस’ तपासा. शिल्लक दिसली की गाव आणि गट नंबर निवडून उतारा उतरवून घ्या. यावर तलाठ्याचा सही-शिक्का लागत नाही.

आता खरं काम. उतारा तसाच पुढे देऊ नका, आधी नीट वाचा. नावाच्या स्पेलिंगपासून सुरुवात करा. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. साधारण 40 आर म्हणजे एक एकर. पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा भाग, वेगळा दाखवलेला असतो. सगळ्यात महत्त्वाचा रकाना ‘इतर अधिकार’. सोसायटीचं कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण बोजा, म्हणजे त्या कर्जाची नोंद, तिथे तसाच राहिलेला असतो आणि तो कळतो ऐन व्यवहाराच्या वेळी. कर्ज फिटल्याचा दाखला घेऊन बोजा कमी करण्याचा अर्ज ‘ई-हक्क’ या सरकारी ऑनलाइन प्रणालीतून करता येतो. वारस नोंदीचा अर्जही तिथूनच होतो. शेवटी ‘प्रलंबित फेरफार’, म्हणजे नोंदीतले अजून मंजूर न झालेले बदल, पाहा. तिथे तुम्हाला माहीत नसलेला नंबर दिसला तर त्याच दिवशी तलाठ्याला गाठा, कारण फेरफाराच्या नोटिशीवर हरकत घ्यायला 15 दिवसांचीच मुदत असते.

दुसऱ्या कुणी सातबारा आणून दाखवला तर त्यावरचा पडताळणी क्रमांक त्याच संकेतस्थळावर टाकून पाहा. इसार देण्याआधी एवढं केलंच पाहिजे.