पियानो वाजवताना हात दुखतो? या चुका टाळा

पियानोची पट्टी जेमतेम १० मिलिमीटर खाली जाते आणि ती दाबायला साधारण ५० ग्रॅम वजन पुरतं. एवढ्याशा कामाने हात दुखत नाही. दुखतो तो आपण वर जे जादा लादतो त्याने.

सुरुवात बैठकीपासून. आपल्याकडे बहुतेक मुलं घरी जेवणाच्या टेबलावर कीबोर्ड ठेवून सराव करतात. टेबल ७५ सेंटिमीटर, त्यावर कीबोर्डचे आठ-दहा; म्हणजे पट्ट्या ८५च्या आसपास जातात. खऱ्या पियानोच्या पट्ट्या ७२-७३वर असतात. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेलं लहान मूल मग खांदे कानापर्यंत उचलतं आणि त्याचं मनगट पट्ट्यांच्या खाली लोंबतं. बोटं हलवणारे मोठे स्नायू कोपर आणि मनगटाच्या मध्ये असतात. त्यांच्या दोऱ्या मनगटातल्या अरुंद बोगद्यातून बोटांकडे जातात आणि त्याच बोगद्यातून एक महत्त्वाची नसही जाते. मनगट मोडून तासभर वाजवलं की तिथे दाब येणारच. कीबोर्ड स्टँडवर घ्या. कोपर पट्ट्यांच्या पातळीला येईल इतकी बैठक उंच करा. त्यासाठी मऊ उशी नको, ती दबते. घडी घातलेली सतरंजी बरी. पाय अधांतरी राहत असतील तर खाली पाट द्या.

दुसरी चूक शिक्षकांच्याही नजरेतून सुटते: स्वर वाजून गेल्यावरही पट्टी दाबत राहणं. पियानोच्या आतली, तारेवर आदळून स्वर काढणारी हातोडी आदळण्याच्या क्षणभर आधीच पट्टीच्या ताब्यातून सुटते. त्यानंतर कितीही जोर लावा, आवाजात काडीचा फरक पडत नाही. तो जोर नुसता हातात साठतो. हलक्या पट्ट्यांच्या कीबोर्डवरून थेट पियानोवर आलेली मुलं हे हमखास करतात. मेट्रोनोम (एकसारख्या लयीत ठोके देणारं यंत्र) ६०वर, म्हणजे मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा आणि चार ठोक्यांना एक स्वर वाजवा. पहिल्या ठोक्याला वाजवायचं, उरलेल्या तिन्हींत पट्टी वर येणार नाही एवढंच वजन ठेवून बाकी हात सैल सोडायचा. दुसऱ्या हाताने मनगट खालून हलवून पाहा. ते सहज वर-खाली झालं पाहिजे. अडलं तर जोर अजून आहे. कंटाळवाणं आहे, पण रोज पाच मिनिटं यालाच द्या. ज्यांना पहिल्याच महिन्यात सिनेमातली गाणी वाजवायची घाई असते ते नेमकं हेच गाळतात.

तिसरी चूक म्हणजे अनामिका ‘मोकळी’ करायच्या मागे लागणं. बोटं उचलणारे स्नायुबंध हाताच्या पाठीवर एकमेकांना आडव्या पट्ट्यांनी जोडलेले असतात, आणि अनामिका दोन्ही बाजूंनी बांधलेली असते. ती तर्जनीइतकी उंच उचलली जात नाही, जाणारही नाही. तरीही बोटं ताणायची स्प्रिंगवाली उपकरणं आजही विकली जातात. जर्मन संगीतकार रॉबर्ट शुमान विशीत लाइपझिगमध्ये पियानोवादक व्हायची धडपड करत होता. बोटांसाठी त्याने एक यांत्रिक साधनही वापरलं. १८३२च्या सुमारास उजव्या हाताचं मधलं बोट ऐकेनासं झालं, आणि पियानोवादनाची कारकीर्द तिथेच संपली. दोष साधनाचा, अतिसरावाचा की आणखी कशाचा, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. पण निसर्गाने बांधलेलं बोट जबरदस्तीने सोडवायला जाऊ नये, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. अनामिकेला बळ द्यायचं असेल तर ते हाताकडून द्या: त्या स्वरावर कोपर किंचित बाहेर नेऊन हाताचं वजन तिच्या मागे आणा.

नखं वाढलेली असली की बोटं आडवी पडतात, कापा. पंजावर नाणं ठेवून ‘हात स्थिर’ करायचा जुना प्रकार बंद करा, त्याने मनगट गोठतं. एसीत हात गार पडले असतील तर आधी कोमट पाण्यात धरा.

ऑक्टेव्ह, म्हणजे एक स्वर आणि वरच्या सप्तकातला तोच स्वर एकाच हाताने एकदम वाजवणं, हा सुमारे १६.५ सेंटिमीटरचा ताण. लहान पंजाने दोन ऑक्टेव्हच्या मध्ये हात मिटायलाच हवा. नाहीच पोचत तर आतला स्वर सोडा. हातापेक्षा स्वर मोठा नाही.

परीक्षेचा महिना सगळ्यांत घातक. वर्षभर अर्धा तास आणि शेवटच्या पंधरवड्यात तीन तास, हे स्नायूंना झेपत नाही. रशियन संगीतकार अलेक्झांडर स्क्रियाबिनने मॉस्कोत विद्यार्थी असताना अवघड रचनांचा असाच अतिसराव करून उजवा हात दुखावून घेतला होता. वेळ आठवड्याला दहा मिनिटांनीच वाढवा, दर वीस मिनिटांनी पाच मिनिटं उठा, आणि तोच अवघड तुकडा सलग दहापेक्षा जास्त वेळा वाजवू नका.

हात भरून आला आणि विश्रांतीने तासाभरात मोकळा झाला तर तो थकवा. कळ येणं, मुंग्या येणं, अंगठ्याच्या बुडाशी ठणका लागणं, रात्री हात बधिर होणं हा थकवा नव्हे. त्याच क्षणी थांबा. बाम चोळून किंवा वेदनाशामक गोळी घेऊन वाजवणं म्हणजे इजा झाकून वाढवणं. दोन-तीन दिवसांत उतरलं नाही तर अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. त्यांनी परवानगी दिली की दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटांनी सुरुवात करा, तीही हळू लयीत आणि हलक्या आवाजात. ऑक्टेव्ह सगळ्यांत शेवटी घ्या.