विस्कॉन्सिनमध्ये हरणाच्या शिकारीला जाण्यापूर्वी

शिकारीला जायचे असेल, तर आपण कशासाठी जात आहोत हे आधी ठरवावे, कारण परवाना आणि जागा यांची निवड त्यावरच अवलंबून असते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार हा गुन्हाच मानत आलेल्या मराठी माणसाला हे विचित्र वाटेल. पण अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात अनेक जण घरच्या मांसासाठी, कुटुंबाची परंपरा म्हणून किंवा शेतीची नासाडी करणाऱ्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी परवाना घेऊन शिकार करतात. मांस हाच हेतू असल्यास शिंगांचा मोह सोडून बिनशिंगी हरणाचा परवाना घ्यावा. कळपाची वाढही मादी टिपल्यानेच रोखली जाते, नर टिपल्याने फारशी नाही.

१ जानेवारी १९७३ पासून पुढे जन्मलेल्यांना सर्वसाधारणपणे शिकार-प्रशिक्षण सक्तीचे आहे. बंदुकीच्या हंगामात भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडे घालावेत. टिपलेले हरीण लगेच साफ करून थंड करावे. मात्र २००२ पासून तेथे आढळणाऱ्या, हरणांचा मेंदू पोखरणाऱ्या सीडब्ल्यूडी रोगाच्या बाधित भागात तपासणीचा निकाल येईपर्यंत मांस खाऊ नये.