गवतात आणि फांद्यांत बास पकडताना: स्वस्त ल्यूर निवडण्यातल्या या चुका टाळा

लार्जमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशाला आडोसा लागतो. कमळाची पानं, पाण्याखालचं गवत, बुडालेल्या झाडाच्या फांद्या, अशा जागी तो दबा धरून बसतो. म्हणजे ल्यूर (नकली आमिष) टाकायचा तो नेमका अडकण्याच्या जागीच. इथे ल्यूर स्वस्त की महाग हे पाकिटावरच्या किमतीवरून कळत नाही. तो किती वेळा परत हाती येतो, त्यावरून कळतं.

गवत आणि लाकूड एकच समजणं

गवत ल्यूरला गुंडाळतं, लाकूड गळाला धरून ठेवतं. गवतासाठी पुढून निमुळता, बाहेर काहीही न लोंबणारा ल्यूर हवा. लाकडासाठी आपटून वरून घरंगळणारा चालतो. क्रँकबेट म्हणजे माशाच्या आकाराचा, पुढे ओठासारखी पट्टी असलेला ल्यूर; चौकोनी ओठाचा असेल तर तो फांदीवर आधी ओठ आपटतो आणि मागचे गळ वाचतात. आपटल्याचं जाणवताच रील थांबवा, तरंगणारा असेल तर तो आपोआप वर सुटतो. हाच क्रँकबेट दाट गवतात टाकला तर प्रत्येक वेळी मूठभर शेवाळ घेऊन येईल. जिगचंही (जड धातूचं डोकं असलेल्या गळाचं) तसंच: गवतासाठी टोकदार डोक्याचा आणि दोरी बांधायचा डोळा अगदी पुढे असलेला घ्या. गोल किंवा रुंद डोकं गवताच्या काड्या गोळा करतं.

रबरी वर्म घेतला, पण गळ चुकला

सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत कमी अडकणारा पर्याय म्हणजे टेक्सास रिग, म्हणजे गळाचं टोक रबरात लपवण्याची जुळणी: 6-7 इंची वर्म (गांडुळासारखं रबरी आमिष), 3/0 किंवा 4/0 मापाचा ऑफसेट गळ (डोळ्याजवळ दुमडलेला) आणि बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं वजन. वर्म साधा घेतला तरी चालतो, काटकसर गळात करू नये. बारीक तारेचा गळ जाड ब्रेडवर (विणलेल्या दोरीवर) जोर लावताच उघडतो. टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून पाहा. नखावर रुतलं तर धार आहे, घसरलं तर नाही.

जाडजूड क्रॉसाठी (झिंग्यासारख्या रबरी आमिषासाठी) वर्मचाच अरुंद गळ वापरला की मासा येतो आणि सुटतो. चावा बसला की रबर दाबलं जाऊन टोक उघडं पडायला हवं. वाकात रबरच ठासून भरलेलं असेल तर टोकाला बाहेर यायला जागाच उरत नाही. जाड शरीराला रुंद वाकाचा गळ घ्या.

ओवताना गळाचं टोक वर्मच्या नाकात (पुढच्या टोकात) सुमारे अर्धा सेंटिमीटर घालून बाजूने बाहेर काढा, गळ डोळ्यापर्यंत ओढून अर्धा फिरवा, मग वाक जिथे येतो तिथून टोक सरळ आरपार काढा. वर्म ताणलेला किंवा वाकडा बसला असेल तर तो पाण्यात गरगरतो आणि दोरीला पीळ पडतो. तेव्हा काढून पुन्हा ओवा. शेवटी टोक रबराच्या वरच्या पातळ थरात जेमतेम लपवा. फार खोल लपवलं तर मासा लागत नाही, उघडं ठेवलं तर गवत लागतं.

वजन मोकळं ठेवणं ही इथली आणखी एक नेहमीची चूक. ते देठाच्या एका बाजूला पडतं, वर्म दुसऱ्या बाजूला राहतो आणि सगळंच लटकतं. रबरी स्टॉपरने, नाहीतर टूथपिकचा तुकडा खुपसून, वजन वर्मच्या नाकाशी पक्कं करा. विरळ गवतात 5 ते 7 ग्रॅम पुरतं, दाट गवतात 10 ते 14. पृष्ठभागावर गालिचाच पसरला असेल तर 28 ग्रॅम किंवा त्याहून जास्त लागतं.

पोकळ बेडूक: दाबून न पाहता घेणं

बेडकाच्या आकाराच्या या रबरी ल्यूरचे दोन्ही गळ अंगाला चिकटून असावेत आणि अंगठ्याने दाबताच टोकं वर यावीत. कडक रबराचा बेडूक गवतावरून सुरेख सरकतो, फक्त मासे लागत नाहीत. तसा हाती असेल तर पकडीने दोन्ही टोकं किंचित वर आणि बाहेर वाकवा. पोटात पाणी शिरून तो बुडू लागला तर दर काही फेकींनंतर पिळून घ्या. मासा झडप घालून पाणी उसळताच रॉडला झटका देणाऱ्यांचे मासे सुटतात. दोरीवर वजन जाणवलं की मगच द्या.

स्पिनरबेट आणि जिग: पाकिटातला माल तसाच वापरणं

स्वस्त स्पिनरबेटची (तारेवर फिरतं पातं असलेल्या ल्यूरची) खोट बहुधा स्विव्हलमध्ये (पातं फिरू देणाऱ्या कडीत) असते. पातं लोंबतं धरून फुंकर घाला. फिरलं नाही तर हळू ओढीवरही अडखळेल. बॉल-बेअरिंगचा स्विव्हल बदलून टाकला की तोच ल्यूर चालू लागतो. वरची तार गळाच्या बरोबर वर हवी, कारण फांदीपासून गळाला तीच वाचवते. मासा लागल्यावर ती बाजूला वाकते, तेव्हा दर वेळी सरळ करा. दोरी थेट गाठीने बांधा. उघड्या वाकाच्या तारेवर स्नॅप (दोरी जोडायची क्लिप) लावला तर तो वर घसरतो.

जिगचा गळ झाकणारा ब्रशसारखा गार्ड बऱ्याचदा नको इतका ताठ असतो. बुडापासून सुमारे पाव केस कापा, उरलेले गळाच्या टोकापेक्षा थोडेच उंच ठेवा आणि लाकडात वापरायचा असेल तर पंख्यासारखे पसरवा.

रंगांवर पैसे उधळू नका. गढूळ पाण्याला काळा-निळा आणि स्वच्छ पाण्याला हिरवट-तपकिरी, एवढ्यावर सुरुवात होते. मात्र रबरी आमिषं आपापल्या पाकिटातच ठेवा. एकत्र टाकली की रंग एकमेकांत उतरतात, काही प्रकारचं रबर तर वितळून चिकटतं.

दोरी

गवताला 50 ते 65 पौंड ताकदीची ब्रेड, कारण ती काड्या कापत येते. हाच गुण लाकडात नडतो: ती सालीत रुतून बसते. तिथे 15 ते 20 पौंडांची फ्लुरोकार्बन दोरी बरी.

अडकल्यावर ओढत सुटणं

जोराने ओढलं की गळ आणखी रुततो. आधी दोरी सैल सोडून रॉडचं टोक थरथरवा; वजनदार ल्यूर बरेचदा स्वतःच सुटतो. नाही सुटला तर विरुद्ध बाजूला जाऊन हाच प्रयोग करा. तोडायचीच वेळ आली तर दोरी लाकडाच्या तुकड्याला गुंडाळून सरळ ओढा. ब्रेड हाताला गुंडाळली तर मांसात रुतते, आणि वाकलेल्या रॉडने ओढलं तर रॉड मोडतो. ओढताना ल्यूरच्या रेषेतून बाजूला उभे राहा, कारण सुटलेला गळ सरळ तोंडावर येतो.